बाल्सा विमानाचे एक किट, तराजूवर ठेवून पाहिलेले

ओझरच्या विमान कारखान्यात जुळणीच्या विभागात बत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसाने ४६ सेंटिमीटर पंखविस्ताराच्या विमानाचे परीक्षण लिहायला बसावे, याचे आमच्या घरात थोडे हसू झाले. तरीही लिहितो, कारण सातवीतल्या नातीसाठी हे किट मागवण्यापूर्वी मी मराठीत याविषयी काही वाचायला मिळते का ते शोधले होते आणि जे सापडले त्यात डब्याच्या छायाचित्रांपलीकडे फारसे काही नव्हते. निर्मात्याचे नाव येथे देत नाही. माझ्या हाती एकच डबा आला, आणि एका डब्यावरून कोणाच्या मालाला नावे ठेवणे न्याय्य नाही. रबराच्या पिळावर उडणारी, बाल्सा या हलक्या लाकडाच्या, लेझरने कापलेल्या भागांची अशी किटे बरीच मिळतात; पुढे लिहिलेल्या गोष्टी त्यांपैकी कोणतेही घेताना तपासता येतील.

ऑगस्ट २०२५ मध्ये घरपोच खर्चासह १२५० रुपयांना हे किट नाशिकला पोचले. डब्यात दीड मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या चार फळ्या, तीन मिलिमीटरच्या चौकोनी पट्ट्या, पातळ पांढऱ्या टिश्यू कागदाचे दोन ताव, नाकावर फिरणारा प्लॅस्टिकचा पंखा (प्रोपेलर), तार, दोन चाके, रबराची एक लड, गोंदाची एक छोटी नळी आणि पूर्ण आकाराचा आराखडा एवढे साहित्य होते. आराखडा उत्तम आहे, हे प्रथम सांगतो. रेषा स्पष्ट आहेत, प्रत्येक बरगडीला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या तुकड्याला, क्रमांक आहे आणि कागदावरचे माप फूटपट्टीशी तंतोतंत जुळते. कारखान्यात जे काम जिग, म्हणजे जुळणीच्या वेळी भाग जागच्या जागी धरणारा साचा, करते, ते येथे या कागदाला करायचे असते. मऊ बोर्डावर आराखडा पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचे म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही, आणि टाचण्यांनी पट्ट्या जागच्या जागी धरून सांगाडा उभा करायचा. आराखडा अर्धा मिलिमीटर चुकला असता तर पुढचे सगळेच वाकडे गेले असते.

आराखड्यासोबतच्या सूचनापत्रकाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. चार ओळींत धड, तीन ओळींत पंख आणि शेवटी ‘आता उडवा’ असा त्याचा थाट आहे. टाचणी पट्टीतून आरपार टोचली तर पट्टी तिथेच चिरते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी तिरपी टोचून पट्टी मध्ये पकडायची असते. धडाच्या दोन बाजू वेगवेगळ्या न करता एकीवर दुसरी रचून केल्या तरच त्या सारख्या होतात. लेझरने करपलेली तपकिरी कड पॉलिश पेपरने हलकेच घासली नाही तर गोंद नीट धरत नाही. यातले एकही वाक्य त्या पत्रकात नाही. मला हातकामाची सवय होती म्हणून निभावले. नुसत्या पत्रकाच्या भरवशावर एखादे मूल एकटे बसले, तर दुसऱ्या दिवशी डबा कपाटावर जाईल, यात मला शंका नाही.

आता लाकडाविषयी, कारण या किटचा खरा कस तिथेच लागतो. बाल्साचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. आजही जगाला लागणारे बहुतेक बाल्सा एक्वादोरमधून येते. ते इतके झपाट्याने वाढते की सहा ते दहा वर्षांत तोडणीला येते, आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात गंमत अशी की नखाने दाबले तरी खळगा पडणारे हे लाकूड ‘कठीण लाकडा’च्या गटात मोडते. ते केवळ खेळण्यांचे लाकूड आहे असे समजणाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातले ‘मॉस्किटो’ विमान आठवावे. त्याच्या धडाचे कवच बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलेले होते. परंतु बाल्सा म्हणजे एकाच वजनाचे लाकूड नव्हे. एका घनमीटरला १०० किलोपासून २०० किलोच्या वरपर्यंत त्याची घनता बदलते, आणि दिसायला दोन्ही फळ्या सारख्याच गोऱ्या असतात.

म्हणून सोनारांकडे असतो तसला एक छोटा डिजिटल काटा मी घेतला आणि एकही भाग सुटा करण्यापूर्वी चारही फळ्या तोलल्या. प्रत्येक फळी ३०० मिलिमीटर लांब आणि ७५ मिलिमीटर रुंद, म्हणजे आकारमान जवळजवळ ३४ घनसेंटिमीटर. तीन फळ्या ४.६ ग्रॅमच्या आसपास भरल्या. घनता साधारण १३६, म्हणजे या कामाला अगदी योग्य. चौथी भरली ७.४ ग्रॅम, घनता २१९. नेमके याच फळीवर शेपटाचे सगळे भाग कापलेले होते.

हा दोष वरवर क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही, हे समजायला तरफेचे साधे गणित पुरते. या विमानाचा संतुलनबिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर यावा लागतो. तिथून शेपूट २२ सेंटिमीटर मागे आहे, तर नाक फक्त ९ सेंटिमीटर पुढे. शेपटात एक ग्रॅम जास्त गेला की तो तोलण्यासाठी नाकात जवळजवळ अडीच ग्रॅम माती भरावी लागते. किटबरहुकूम बांधलेल्या आमच्या विमानाच्या नाकात ४.२ ग्रॅम माती गेली आणि रबर सोडून एकूण वजन ३१.२ ग्रॅम झाले. पत्रकात २४ ग्रॅमचा दावा आहे. लाकूड निवडणाऱ्याने हलक्या फळ्या पंखाला दिल्या आणि जड फळी धडाच्या पुढच्या भागाला न देता शेपटाला दिली. कापताना फळ्यांचा क्रम बदलला असता तर निर्मात्याला एक पैसाही जास्त पडला नसता, म्हणूनच ही चूक मला गोंदाच्या वाळलेल्या नळीपेक्षा अधिक खटकली.

ती नळी खरोखरच वाळलेली होती. तिच्याऐवजी आम्ही फेविकॉल थोडे पाणी घालून काडीने लावले. पांढरा गोंद स्वस्त आहे, त्याला वास नाही आणि मुलांच्या हाती देता येतो. मात्र त्यातले पाणी बाल्सा शोषून घेते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो वाळायला दुप्पट वेळ घेतो. ऑगस्टमध्ये आम्ही घाईने बोर्डावरून उचललेले आडवे शेपूट सकाळपर्यंत पापडासारखे वळले होते. तेव्हापासून रात्रभर टाचण्या काढायच्या नाहीत असा नियम झाला. तारेच्या जोडांना मात्र फेविक्विकच लागते, आणि ते काम मी नातीला करू दिले नाही.

पंखाच्या बरगड्या बसवण्याचा भाग सर्वांत आनंदाचा. १७ ऑक्टोबरला ओझरहून नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले, तेव्हा आमच्या टेबलावर उजव्या पंखाच्या नऊ बरगड्या उभ्या होत्या. मिग-२१ बांधण्यासाठी १९६४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याची बातमी मी दूरचित्रवाणीवर पाहत होतो आणि नात विचारत होती, “आजोबा, त्यांच्याही बरगड्या अशाच असतात का?” आकार वेगळा, धातू वेगळा, पण बरगडीचे काम तेच, एवढे मी तिला सांगितले. त्यानंतर दोनच दिवसांत दिवाळीच्या फराळासाठी टेबल रिकामे करावे लागले आणि पंख बोर्डासकट पलंगाखाली गेला.

टिश्यू कागदाला मी पूर्ण गुण देईन. तो नाजूक आहे, पण एकसारखा आहे आणि पाण्याचा बारीक फवारा मारला की वाळताना ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो. कागदाचा धागा पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावा, अन्यथा दोन बरगड्यांमध्ये खोलगटपणा येतो. नातीच्या आग्रहावरून संक्रांतीच्या पतंगांचा उरलेला गुलाबी कागदही आम्ही तोलून पाहिला. तो जड भरल्याने त्याचा विचार सोडला. ताणलेल्या टिश्यूवर लाखेसारखा पातळ थर द्यावा लागतो, तो किटमध्ये नाही. फर्निचरला लावतात ते एनसी लॅकर निम्मे थिनर घालून मी वापरले. ते ज्वालाग्राही असते, वासही उग्र, त्यामुळे हे काम गच्चीत केले. आणि उघडीप असलेल्या दिवशी केले, कारण हवेत दमटपणा असेल तर त्यावर पांढरट झाक येते.

रबर हा या किटचा सर्वांत कमकुवत भाग आहे. पिळलेल्या रबरावर विमान उडवण्याची कल्पना फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोची. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याचे छोटे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले होते. ही गोष्ट मी नातीला सांगण्याची चूक केली, कारण त्या दिवसापासून तिने ‘अकरा सेकंद’ हेच ध्येय धरले. डब्यातल्या रबराने आम्हाला तिथे पोचू दिले नसते. एरंडेलाचे बोट लावूनही ते दीडशे फेऱ्यांनंतर तुटले, आणि तुटताना आतून धडाची एक पट्टी घेऊन गेले. रबर ऊन, उष्णता आणि साठवणीच्या काळाने खराब होते, तेव्हा हा दोष कारखान्याचा की गोदामाचा हे सांगता येत नाही. पण किट घेणाऱ्याने मॉडेल विमानांसाठी वेगळे विकले जाणारे रबर त्याच वेळी मागवून ठेवावे, हे बरे.

नोव्हेंबरअखेर शेपूट नव्याने केले. कॉलेज रोडवर आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना साहित्य विकणारे एक दुकान आहे. तिथे बाल्साच्या पट्ट्या मिळाल्या. खिशातला काटा काढून मी एकेक जुडी तोलू लागलो तेव्हा दुकानदाराने आधी संशयाने आणि नंतर कौतुकाने पाहिले. भरीव फळीऐवजी पट्ट्यांचा सांगाडा करून त्यावर कागद चढवल्याने शेपटाचे वजन १.३ ग्रॅमने घटले, नाकातली ३.२ ग्रॅम माती काढता आली आणि विमान २६.७ ग्रॅमवर आले. पत्रकातला आकडा गाठला नाही, तरी साडेचार ग्रॅमची ही बचत एकूण वजनाच्या सातव्या हिश्शाएवढी आहे.

उड्डाणासाठी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपले गोल्फ क्लब मैदान, आम्ही डिसेंबरच्या सकाळी गाठले. चालायला येणाऱ्यांच्या आणि क्रिकेटवाल्यांच्या आधी पोचले तर अर्धा तास मैदान मोकळे मिळते आणि वाराही पडलेला असतो. आधी रबर न पिळता, नाक किंचित खाली धरून, हातानेच सरळ सोडून पाहावे. नाक वर करून विमान थबकले आणि धपकन खाली आले तर नाकात चिमूटभर माती वाढवावी. सरळ जमिनीकडे गेले तर आडव्या शेपटाची मागची कड किंचित वर वळवावी. पिळावर सोडल्यावर आमचे विमान डावीकडे कलू लागले. पंखा मागून पाहता उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. नाकाच्या ठोकळ्यामागे कागदाची घडी सारून पंख्याचा आस जरासा उजवीकडे केला की हे थांबते. किटमधला ठोकळा मुळातच सैल बसतो. त्याला मी बाल्साची पातळ चकती चिकटवली. थंडीत रबर ताठरते आणि कमी जोर देते, म्हणून वेळ येईपर्यंत लड नातीच्या स्वेटरच्या खिशात असे.

पहिल्या दिवशी सर्वांत लांब उड्डाण ७ सेकंदांचे झाले. तिसऱ्या रविवारी, नव्या रबरावर ३०० फेऱ्या देऊन, १४ सेकंद. पेनोला मागे टाकल्याचा जल्लोष चालू असतानाच विमान एका झाडाच्या फांदीला लागून पडले आणि डाव्या पंखाची टोकाकडची बरगडी मोडली.

सुटे भाग मिळतील का, असे मी निर्मात्याला ईमेलने विचारले. पूर्ण किट पुन्हा घ्यावे असे उत्तर आले. त्याची गरज पडली नाही. भाग सुटे केल्यावर उरणारी फळीची चौकट आम्ही टाकून दिलेली नव्हती, आणि तिच्यातली मोकळी जागा हाच बरगडीचा साचा असतो. नातीने तो नव्या बाल्सावर ठेवून पेन्सिल फिरवली, ब्लेडने बरगडी कापली, कडा घासल्या आणि चिकटवण्याआधी काट्यावर ठेवली. मोडलेल्या बरगडीचे तुकडे ०.१४ ग्रॅम होते. तिची ०.१३ भरली.