उपसर्गांच्या कसोटीवर एक व्युत्पत्ती-ॲप

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे एक ॲप मी गेले तीन महिने वापरत आहे. दुर्मीळ शब्दांची माहिती कोणीही हौसेने गोळा करतो. कोशाचा खरा कस रोजच्या उपसर्गांत लागतो, म्हणून मी सर्वप्रथम 'इन' शोधला.

लॅटिनमध्ये दिसायला सारखे, पण मुळात वेगळे असे दोन 'इन' आहेत, एक नकाराचा आणि दुसरा 'आत' या अर्थाचा, हे नोंदीच्या पहिल्याच ओळीत सांगितले आहे. त्यापुढची 'इन्फ्लेमेबल'ची नोंद तर या ॲपमधील सर्वोत्तम म्हणावी लागेल. हा शब्द 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून त्यातील 'इन' नकाराचा नाही. परंतु 'न पेटणारे' असा उलटा अर्थ कोणी घेतला, तर ते जिवावर बेतेल, या भीतीने 20व्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षा क्षेत्राने 'फ्लेमेबल' या शब्दाचा आग्रह धरला, हे सारे तिथे नेटकेपणाने मांडले आहे.

'इनव्हॅल्युएबल'बाबत मात्र 'अतिशय मौल्यवान' एवढेच लिहून विषय संपवला आहे. मग नकार गेला कुठे? ज्याचे मोल करता येत नाही ते, हा अर्थ आपल्या 'अमूल्य'मध्ये जसाच्या तसा आहे, आणि हा 'इन' व संस्कृतचा 'अ' किंवा 'अन्' मुळात एकच आहेत.

'इल्लीगल', 'इम्पॉसिबल' आणि 'इर्रेग्युलर' यांतील उपसर्ग स्वतंत्र असल्यासारखे दाखवले आहेत, ही चूक अधिक गंभीर आहे. उत् आणि लेख मिळून 'उल्लेख' होतो, त्याच न्यायाने 'इन'मधील न पुढच्या ल, प किंवा र यांच्या वळणावर जातो.

'अन'च्या नोंदीत याच्या नेमका उलट गोंधळ आहे. 'अनहॅपी'मधील 'अन' नकाराचा, तर 'अनलॉक'मधील 'अन' केलेली क्रिया उलटवणारा आणि ग्रीक 'अँटी'च्या नात्यातला. ॲपने दोघांना एकाच अर्थाखाली कोंबले आहे. त्यामुळे 'अनलॉकेबल' म्हणजे कुलूप लावता न येणारे की उघडता येणारे, हे दोन्ही अर्थ कसे निघतात, याचा उलगडा तिथे होत नाही.

शोध झटपट चालतो आणि जाहिरातींचा त्रास नाही. 'इन'साठी मी हे ॲप ठेवले आहे. 'अन'साठी अजूनही छापील कोशच उघडावा लागतो.