इंग्रजी वाक्प्रचारांची तुकडी: वर्ग उत्तम, पुस्तिका कच्ची

सांगलीत विश्रामबाग भागातल्या एका लहानशा क्लासमध्ये इंग्रजी वाक्प्रचारांसाठी शनिवार-रविवारची स्वतंत्र तुकडी चालते. तिथे बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी असतात, आणि उरलेले माझ्यासारखे नोकरदार, ज्यांना पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांशी रोज इंग्रजीत बोलावे लागते.

मराठी माणूस नेमका कुठे फसतो, हे इथल्या सरांना पक्के ठाऊक आहे. ‘पुल समवन्स लेग’ हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा निम्म्याहून अधिक वर्गाने ‘एखाद्याची प्रगती रोखणे’ असे उत्तर दिले. आपल्याकडे पाय ओढण्याचा अर्थ तोच असल्यामुळे यात नवल काहीच नव्हते. इंग्रजीत मात्र ती निव्वळ थट्टा असते. ‘गेट कोल्ड फीट’साठी ‘ऐनवेळी कच खाणे’ आणि ‘वन्स इन अ ब्लू मून’साठी ‘कपिलाषष्ठीचा योग’ हे पर्याय त्यांनी चटकन सांगून टाकले, पण ‘टर्न अ ब्लाइंड आय’ला बराच वेळ दिला. 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांकडून माघारीचा इशारा आला असता ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावून इशारा दिसतच नसल्याचे सांगितले, ही प्रसिद्ध कथा ऐकल्यावर ‘काणाडोळा करणे’ हा अर्थ पाठ करावा लागत नाही. ‘मीट युअर वॉटर्लू’ शिकवताना नेपोलियन जिथे हरला त्या 1815 च्या वॉटर्लूशेजारी 1761 चे पानिपत मांडून, पहिल्यात आजवर जिंकत आलेल्याचा निर्णायक पराभव आणि दुसऱ्यात सर्वनाश अभिप्रेत असतो, हा बारीक फरकही त्यांनी दाखवला. एवढी बारकाई महाविद्यालयातही माझ्या वाट्याला आली नव्हती.

एवढ्या चांगल्या शिकवणीबरोबर मिळणारी छापील पुस्तिका मात्र निराशा करते. अक्षरानुक्रमे यादी, पुढे एका ओळीत अर्थ, आणि वापराचे वाक्य क्वचितच. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ (मुसळधार पाऊस पडणे) हा प्रयोग आज इंग्रजांच्याच बोलण्यात फारसा येत नाही, तरी त्याला ठळक अक्षरांचा मान मिळाला आहे. ‘किक द बकेट’समोर नुसते ‘मरण पावणे’ असे छापले आहे. तो प्रयोग थिल्लर मानला जातो ही सूचना नसल्यामुळे एखादा सरळमार्गी वाचक शोकसंदेशातही तो बेधडक लिहून मोकळा होईल. सरांनी तोंडी सावध केले होते खरे, पण त्या दिवशी गैरहजर असलेल्यांच्या हाती पुस्तिकाच उरते.

परीक्षेपुरता विचार केला तर ही तुकडी निश्चित उपयोगी आहे. बोलण्याच्या सरावासाठी येणाऱ्यांनी मात्र प्रवेश घेण्यापूर्वी संभाषणाचे तास किती असतात ते विचारून घ्यावे, कारण फी आगाऊ आणि एकरकमी भरावी लागते आणि आमच्या तुकडीत हे तास सत्राच्या शेवटी घाईघाईने उरकण्यात आले.