आखाजीची कविता आणि गेलेले ८,३०० रुपये

आई गेल्यानंतरची ती पहिली आखाजी होती, २०२५ ची. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, पण आम्हा खान्देशातल्या बायकांना तेवढ्याने आखाजी कळत नाही. सासुरवाशिणी माहेरी जातात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होतो. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. त्या वर्षी भावाला आईच्या नावाची घागर पहिल्यांदा भरायची होती. माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, आणि सासर अमळनेर तालुक्यात. त्या दिवसांत मनात जे दाटून आलं ते मी अहिराणीत लिहून काढलं. सोळा ओळी. पहिलीच ओळ होती, ‘आखाजीना सनले माय मनी वाट दखे’. ती वही मी कुणालाच दाखवली नव्हती.

त्याच आठवड्यात बचतगटातल्या एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर पाठवलं. राज्यस्तरीय ऑनलाइन काव्यस्पर्धा, विषय ‘माहेर’, प्रवेश निःशुल्क, बोलीभाषेतल्या कवितांचं स्वागत. कोपऱ्यात बहिणाबाई चौधरींचा फोटो होता.

त्या फोटोपाशी मी थांबले. आमच्या भागात बहिणाबाई ही पाठ्यपुस्तकातली कवयित्री नाही, ती घरातली बाई वाटते. असोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी, घरात-शेतात काम करता करता ओव्या रचणारी. मुलगा सोपानदेव आणि आणखी एका नातलगाने त्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या. बाई १९५१ मध्ये गेली आणि आचार्य अत्र्यांनी आग्रह धरल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. कुणी टिपून ठेवलं नसतं तर सगळं तिच्याबरोबरच गेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आईसुद्धा जात्यावर आणि झोक्यावर कितीतरी गाणी म्हणायची. त्यातलं एकही मी उतरवून घेतलं नाही. त्यामुळे तो फोटो पाहिला आणि आयोजक कोण, कुठला, हे मी विचारलंच नाही. फोटो कुणीही लावू शकतं, हे तेव्हा मनात आलं नाही.

कविता पाठवली. सोबत फोटो, पत्ता आणि मोबाइल नंबर. मला एका व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीत घेतलं. आता कळतं की तिथेच पहिली गोम होती. त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येत होतं आणि आम्हा सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नव्हते. वर आकडा दिसायचा, दोनशेच्या पुढे सदस्य. पण एकाचं दुसऱ्याशी बोलणं होणं शक्यच नव्हतं. रोज सकाळी एक शब्द यायचा: उंबरठा, झोका, शिदोरी. त्यावर चार ओळी लिहून फॉर्ममध्ये भरायच्या. भाकरी थापताना मी ओळी जुळवायचे. ते पंधरा दिवस खरंच सुखाचे होते, ते मी नाकारणार नाही. इतक्या वर्षांत मला कुणी ‘आज काय लिहिलंत?’ असं विचारलं नव्हतं.

मे महिन्यात एका रात्री फोन आला. माणूस अतिशय अदबीने बोलला. “ताईसाहेब, आपली कविता वाचून परीक्षक निःशब्द झाले. आपला द्वितीय क्रमांक आलाय. पहिल्या नंबरात आणि तुमच्यात फक्त अर्ध्या गुणाचा फरक होता.” मी यांना उठवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला, तर तो रडला.

मग पैसे सुरू झाले. एकदम कधीच मागितले नाहीत, प्रत्येक वेळी थोडे थोडे, आणि प्रत्येक वेळी सन्मानाच्या नावाने. विजेत्यांचा प्रातिनिधिक संग्रह निघणार, त्यात कविता आणि दोन प्रती, म्हणून १,५०० रुपये. आठ दिवसांनी सन्मानचिन्ह, शाल आणि मानपत्राचे २,१००. मग कवितेचे ‘स्वामित्व हक्क’ आणि पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नोंदवायला १,००० रुपये. “नाहीतर उद्या कुणीही तुमची कविता स्वतःच्या नावावर खपवेल, ताई,” असं म्हणाला. ही भीती मला बरोबर लागली. शेवटी जळगावच्या कार्यक्रमात जेवणाचे दोघांचे ८००. एकूण ५,४०० रुपये झाले. कापसाचे थोडे पैसे मी बाजूला ठेवले होते, त्यातून दिले. सगळे एका व्यक्तीच्या खासगी नंबरवर गेले. पावती मागितली तेव्हा “कार्यक्रमात देऊ” म्हणाला. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण शाल-श्रीफळाच्या गोष्टीत पावतीचा विषय काढणं मला संकोचाचं वाटलं.

जूनमधल्या एका रविवारी आम्ही दोघं अमळनेरहून सकाळच्या गाडीने जळगावला निघालो. मी लग्नातली पैठणी नेसले होते. वाटेत धरणगाव स्टेशन लागलं. बालकवी ठोमरे इथले, १८९० चा जन्म. माझ्या पिशवीत कवितेचा कागद होता, आणि त्या गावावरून जाताना मला आतून काहीतरी वेगळंच वाटलं. हे म्हणाले, “तू वाचताना घाबरू नको.”

हॉलवर पोहोचलो तर दारात झेंडूची तोरणं होती. आत साखरपुडा चालला होता. मुलीकडच्या एका बाईंनी आम्हाला पाहुणे समजून पाणी दिलं. हॉलच्या व्यवस्थापकाने वही उघडून दाखवली. त्या तारखेला काव्याचा कार्यक्रम नव्हता, आदल्या-मागल्या महिन्यातही कुणी त्या नावाने चौकशी केलेली नव्हती.

जिन्याखाली आमच्यासारखीच आणखी माणसं उभी होती. शिरपूरहून आलेले एक बाबा, पांढरं धोतर, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कवितेची फाईल. चोपड्याच्या एक अंगणवाडी सेविका, सोबत त्यांची लेक. नंदुरबारची एक कॉलेजातली मुलगी, पहाटे घरातून निघालेली. आधी कुणी कुणाशी बोललं नाही. मग बाबांनी मला विचारलं, “बेटा, तुना कितवा नंबर?” मी म्हटलं, दुसरा. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. “माले बी दुसराच सांगेल शे.”

अंगणवाडीच्या ताई दुसऱ्या. नंदुरबारची मुलगीसुद्धा दुसरीच. सगळ्यांचे परीक्षक निःशब्द झाले होते आणि सगळ्यांना अर्धाच गुण कमी पडला होता. दुपारपर्यंत आम्ही अकरा जण जमलो. अकराही जण द्वितीय. पहिल्या क्रमांकाचं कुणी त्या दिवशी आलं नाही. मला वाटतं, तसं कुणी ठेवलंच नसावं. पहिला नंबर दिला तर माणूस बातमी शोधतो, वर्तमानपत्रात जातो. दुसऱ्या नंबराचा माणूस गप्प समाधानी राहतो.

आम्ही तिथेच एकमेकांचे नंबर घेतले. बाबा म्हणाले, “आते उनूतच, ते कविता तरी म्हनी जाऊत.” मग रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही अकरा जणांनी कविता वाचल्या. बाबांच्या कवितेत त्यांच्या वारलेल्या बहिणीचं माहेरपण होतं. ती चांगली कविता होती. खरोखर चांगली.

आम्ही वाचत होतो तेव्हाच कम्युनिटीत संदेश आला: अपरिहार्य कारणाने कार्यक्रम पुढे ढकलला आहे, ज्यांना परतावा हवा त्यांनी खाजगीत कळवावं. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर मी कळवलं. लगेच फोन आला. तोच अदबीचा आवाज, माफी मागत होता. “ताई, शाल आणि जेवणाचे २,९०० लगेच परत करतो. क्यूआर पाठवलाय. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.” दिवसभराची उपाशी, दमलेली, मनातून खचलेली होते. पिन टाकला. २,९०० जमा झाले नाहीत, आणखी २,९०० गेले.

हे नीट लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. कोड स्कॅन करून पिन टाकला म्हणजे आपण पैसे पाठवले. मला हे माहीत नव्हतं. माझ्या बँकेतल्या मोठ्या फलकावर ते लिहिलेलं आहे, हे मी नंतर पाहिलं.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक त्यानंतरची. मी आठ दिवस कुणालाच सांगितलं नाही. यांना सांगितलं नाही, भावाला तर नाहीच. त्याने गावात सगळ्यांना बहिणीचा नंबर आल्याचं सांगून टाकलं होतं. नवव्या दिवशी पुतणी सुट्टीवर आली, तिने माझा चेहरा ओळखला. तिने १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, स्क्रीनशॉट, सगळं. फोनवरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. पण त्याने जे सांगितलं ते मला अजून बोचतं. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आठ दिवसांत ते कुठच्या कुठे निघून जातात. माझी तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पण पैसे आले नाहीत. त्याच रात्री नंदुरबारच्या मुलीनेही तोच कोड स्कॅन केला होता. तिने तासाभरात फोन केला आणि तिची रक्कम अडवली गेली. ती वीस वर्षांची आहे. तिला घरी सांगायची लाज वाटली नाही, म्हणून तिचे पैसे वाचले.

सप्टेंबरात, भुलाबाईची गाणी सुरू झाली त्या दिवसांत, आमच्यातल्या एकीला तो ‘संग्रह’ मिळाला. छापील पुस्तक नव्हे, पीडीएफ. पान चौतीसवर माझी कविता होती. ‘अक्षय्य तृतीयेच्या सणाला आई माझी वाट पाहे.’ सोळाच्या सोळा ओळी अशाच प्रमाण मराठीत बदलून टाकलेल्या. पैसे गेल्याचं मी सोसलं होतं. हे वाचल्यावर मात्र मी चुलीपाशी बसून रडले. माझी आई जन्मात कधी ‘अक्षय्य तृतीया’ म्हणाली नाही. ‘दखे’ या शब्दात तिचं डोळ्यांवर हात धरून पांदीकडे पाहणं होतं. ते ‘पाहे’मध्ये उरलं नाही.

पुतणी ग्रंथालयशास्त्र शिकते. तिने पहिल्या पानावरचा आयएसबीएन बोटाने मोजला. बारा आकडे. २००७ पासून जगभर हा क्रमांक तेरा आकड्यांचा असतो. आणि भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कवीकडून पैसे घ्यायचं कारणच नसतं. शिवाय त्या क्रमांकाने कविता चांगली ठरत नाही की तिच्यावर कुणाचा हक्कही ठरत नाही. ती नुसती पुस्तकाची ओळख.

स्वामित्व हक्काचंही तसंच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे कविता लिहिली की तिचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो, नोंदणी केली नाही तरीही. हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी करायचीच असेल तर सरकारी कॉपीराइट कार्यालयात एका साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे, आणि अर्ज केल्यावर हरकतींसाठी किमान महिनाभर थांबावं लागतं. ‘दोन दिवसांत हक्क करून देतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि आपल्या सहीनेच. मी अशी सही कुठेच केलेली नव्हती. म्हणजे ज्या भीतीपोटी मी हजार रुपये दिले, ती भीतीच बिनबुडाची होती. माझी कविता चोरायची आणि मोडायची होती ती त्यांनीच मोडली.

सगळ्याच ऑनलाइन स्पर्धा अशा नसतात, आणि शुल्क घेणारा प्रत्येक जण लबाडही नसतो. आमच्या तालुक्यात पदरमोड करून कविसंमेलनं भरवणारी माणसं मी पाहिली आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन अमळनेरला झालं तेव्हा त्यातलेच काही जण खुर्च्या उचलत होते. त्यांची नावं गावाला माहीत असतात, घर माहीत असतं, आणि ते फोनवर निःशब्द होत नाहीत, कवितेतली कुठली ओळ कच्ची आहे ते तोंडावर सांगतात. माझ्या कवितेबद्दल या स्पर्धेत एक ओळसुद्धा नेमकी कुणी बोललं नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आम्ही अकरा जणांनी आता स्वतःचा एक साधा ग्रुप केला आहे. शिरपूरच्या बाबांना टाइप करता येत नाही, ते आवाजात कविता पाठवतात. आखाजीची मूळ कविता मी त्यांना तशीच, अहिराणीत, म्हणून पाठवली. त्यांनी तेराव्या ओळीत एक शब्द बदलायला सांगितला. मी बदलला.

परवा चोपड्याच्या ताईंनी ग्रुपवर एक पोस्टर टाकलं, त्यांच्या भाचीला आलेलं. विषय ‘बाप’. प्रवेश निःशुल्क. कोपऱ्यात बहिणाबाईंचा तोच फोटो. फोन नंबर नवा आहे, पण खालचा मजकूर अक्षरशः तोच, ‘बोलीभाषेतल्या कवितांचं स्वागत’सकट. त्या मुलीने अजून कविता पाठवलेली नाही. ज्यांनी पाठवली असेल त्यांच्यापर्यंत हे पोहोचावं म्हणून रात्री बसून लिहिलं.