बेल आइल टेक की लिक्विड रूम?

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचे दोन डीजे, दोघांचे मिक्स (म्हणजे न थांबता एकमेकांत गुंफलेली गाणी) वेगवान. तरी जेफ मिल्सचा 1996 चा 'लाइव्ह अ‍ॅट द लिक्विड रूम, टोकियो' आणि डीजे असॉल्टचा 1997 चा 'बेल आइल टेक' ऐकताना अंगाला होणारा परिणाम अगदी वेगळा.

मिल्स तबकड्या एकमेकींवर चढवत नेतो. लिक्विड रूम या क्लबमधल्या गर्दीचा आवाजही ध्वनिमुद्रणात येतो. हे टेक्नो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, आहे: शब्द जवळजवळ नाहीत, ताण मात्र सतत वाढत जातो.

असॉल्टला थांबायला सवड नाही. त्याची शैली घेटोटेक, म्हणजे शिकागोचं घेटो हाउस, मायामी बेस, इलेक्ट्रो आणि डेट्रॉइट टेक्नो या नृत्यसंगीताच्या प्रकारांची मिसळ, मिनिटाला साधारण 150 ठोके. एक ओळ पुन्हा पुन्हा आदळते, खालून बेस घुमतो, आणि गाणं ओळखीचं होतंय तोवर पुढचं सुरू. शब्द मात्र सर्रास अश्लील, बायकांबद्दल तर फारच. घरात चारचौघांत स्पीकरवर लावू नका.

एकट्याने, हेडफोन लावून ऐकायचं तर मिल्स. पण नाचायचं असेल तर मी बिनदिक्कत असॉल्ट लावेन. त्यातली ती घाई मला मनापासून आवडते.