व्हीपीएस घेताना स्टील टाइम आधी बघा: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हीपीएस म्हणजे कंपनीच्या मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल हिस्सा. आमचा असा: दोन कोअर, चार जीबी रॅम, एनव्हीएमई (वेगवान) डिस्क, मुंबईचं डेटा सेंटर. बाकीचे देतात तेच सगळं, पण बिल जवळपास निम्मं. म्हणून घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण स्वस्त व्हीपीएस विकणाऱ्या कुणाकडेही हे होऊ शकतं.

आमच्याकडे गूळ अडत्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. सुरुवातीला एकदम झकास! डेटा सेंटर मुंबईत असल्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सिंगापूरच्या मानाने खूपच कमी. मग सकाळी सौद्याच्या वेळेलाच शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या निघायला वेळ लागू लागला. शेतकरी काउंटरवर ताटकळत उभा, आणि सीपीयूचा आमचा स्वतःचा वापर जेमतेम. सर्व्हरवरचा भार दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये एसटीचा आकडा मात्र पंचवीस टक्क्यांच्या वर.

हाच स्टील टाइम, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. एक खरा कोअर कंपनी अनेक गिऱ्हाइकांना विकते. सगळ्यांनी एकाच वेळी काम काढलं की तुमच्या व्हर्च्युअल कोअरला रांगेत थांबावं लागतं, आणि तो थांबलेला वेळ इथे दिसतो. एक-दोन टक्के मी सोडून देतो. रोज दहाच्या वर जात असेल तर एनव्हीएमई असून काही उपयोग नाही. बेंचमार्क (वेगाची चाचणी) रात्री चालवून समाधान मानू नका. सिसस्टॅट हे सर्व्हरच्या वापराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर टाकून ठेवा. ते दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं, आणि सपोर्टशी भांडायला तोच पुरावा लागतो.

कारण सपोर्टकडे टाकलेल्या तिकिटाला (तक्रारीला) पहिलं उत्तर आलं, "मोठा प्लॅन घ्या." प्रचंड संताप झाला. विकलेला कोअर पूर्ण द्यायचा नाही आणि वर आणखी पैसे मागायचे? आठवडाभराच्या नोंदी जोडून पुन्हा लिहिलं. या वेळी दुसऱ्या इंजिनिअरने वाचलं, चूक मान्य केली आणि रातोरात आमचा सर्व्हर दुसऱ्या नोडवर (खऱ्या मशीनवर) हलवला. तेव्हापासून एसटी एकच्या खाली आहे. सोडायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. त्या माणसाचे मनापासून आभार.

सुरक्षेचं बहुतेक काम आपल्याच गळ्यात असतं. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला एसएसएच की (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल) वापरा, पासवर्ड लॉगिन बंद, अपडेट आपोआप चालू. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या लॉगिनच्या सॉफ्टवेअरमधलं सीव्हीई-२०२४-६३८७ हे भगदाड उघड झालं, तेव्हा अनमॅनेज्ड (देखभाल आपणच करायच्या) सर्व्हरवर पॅच ज्याचा त्यानेच टाकायचा होता. यजमान मशीन मात्र कंपनीच्या हातात असतं. २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींनंतरचे बचाव चालू आहेत का, याचा अंदाज एलएससीपीयू कमांडच्या शेवटच्या ओळींत येतो. 'व्हल्नरेबल' (असुरक्षित) दिसलं तर कंपनीला विचारा.

बॅकअपवर मात्र अजून नाराज आहे. कंपनीचा पैसे देऊन घ्यायचा बॅकअप त्याच डेटा सेंटरमध्ये राहतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूरमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एसबीजी२ ही डेटा सेंटरची इमारत जळाली, तेव्हा ज्यांचे बॅकअप तिथेच होते त्यांचा डेटा कायमचा गेला. अडत्यांचे हिशेब मी असे ठेवणार नाही. रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने रोज दुसऱ्या शहरातल्या स्टोरेजवर एन्क्रिप्ट करून पाठवतो. खर्च कंपनीच्या बॅकअपपेक्षा कमीच येतो.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर घसघशीत सवलत आहे. मी महिन्याचंच भरतो. हा नोडही गर्दीने भरला तर दुसऱ्याच दिवशी निघता आलं पाहिजे.