मेंदूचं ऑपरेशन, मिरज : चार स्टार

आमच्या हिच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची. बागेतनं माझ्या मागं चालत यायची, आणि घरी बघावं तर एक पाय अनवाणी. हिला पत्ताच नाही. सायटिका म्हणून चार महिने गोळ्या झाल्या, कंबर शेकून झाली. ऐन ऑक्टोबर छाटणीत तोच पाय अचानक झटके द्यायला लागला. शुद्ध होती, पण पाय थांबेना. तासगावातनं गाडी थेट इथं आणली.

सर्जनना पाचपैकी पाच. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय काढला. डोक्याच्या टाळूखाली, उजव्या अंगाला लिंबाएवढी गाठ. मी विचारलं, "कितवी स्टेज?" त्यांनी केसपेपर उलटा केला आणि पेनानं डोकं काढलं. मेंदूच्या गाठीला स्टेज नाही, ग्रेड असते, १ ते ४. ग्लायोमा मेंदूच्या आतच उगवतो. त्यातला ४ ग्रेडचा ग्लायोब्लास्टोमा वाईट, ऑपरेशन झालं तरी रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या मागं लागतात. काहींची गाठ फुप्फुसातल्या नाहीतर स्तनातल्या कॅन्सरमधून वर आलेली असते. "वहिनींची आवरणातून वाढलीय. मेनिंजिओमा. बाहेरून दाबतीय." उजवा मेंदू डावं अंग चालवतो, आणि पायाची जागा नेमकी टाळूखाली. आम्ही कंबर शेकत बसलो होतो!

तो केसपेपर अजून जपून ठेवलाय.

सूज उतरायला डेक्सामेथासोन दिलं आणि शुगर तीनशेवर गेली. हे आधी सांगायला पाहिजे होतं. फिटच्या लेव्हेटिरासिटॅमनं ही सगळ्यांवर खेकसायला लागली. मला वाटलं मूळ स्वभाव. सिस्टर म्हणाल्या, गोळीनं होतं तसं.

स्टार कापला तो केसांपायी. चिरेपुरतेच काढायचे ठरले होते. पहाटे न्हावी आला आणि अख्खं डोकं साफ करून गेला. साडेपाच तासांच्या ऑपरेशनला न घाबरलेली बाई त्या केसांसाठी रडली. बायोप्सीच्या रिपोर्टला नऊ दिवस लागले, फोन कुणी उचलत नव्हतं. कँटीनच्या चहाबद्दल बोलतच नाही.

रिपोर्ट ग्रेड १ आला. गाठ पूर्ण निघाली, रेडिएशन नको म्हणाले. ठरल्या वेळी एमआरआय मात्र करत राहायचा. फिजिओथेरपी चालू आहे. चप्पल अजून अधूनमधून निसटते, पण आता हिला कळतं. बांधावर थांबून मला हाक मारते.