स्वीट कॉर्नच्या अळीवरची औषधं: कुठलं चाललं, कुठलं पैसे खाऊन गेलं

सोलापुरात बार्शी रोडला आपलं रान हाय, गड्ड्याच्या यात्रेत कणसं निघावीत म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी स्वीट कॉर्न टोकला आणि एकाच रानात वेगवेगळ्या सऱ्यांना वेगवेगळं औषध मारून बघितलं, काही सऱ्या बिनफवारणीच्या सोडल्या. दुकानदार म्हणतोय म्हणून मारायचं, हे आता बास.

अळी तीच, लष्करी. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. 2018 ला कर्नाटकात दिसली आणि त्याच साली आपल्या जिल्ह्यात मक्यावर आली, तवापासून मुक्काम हलवला नाही.

इमामेक्टिन 5 एसजी, 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम. स्वस्तात मस्त. अळी खायची लगेच थांबते पण मरायला दोन-चार दिवस घेते, त्यामुळं लोक दुसऱ्या दिवशी पोंगा (मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांची सुरळी) उघडून बघतेत, "जित्ती हाय की ओ" म्हणतेत आणि उगंच दुसरा पंप भरतेत. थांबा जरा. उन्हात ह्या औषधाचा जोर लवकर जातो म्हणून दिवस कलल्यावरच मारा. मोठ्या अळीवर मात्र फिकं पडलं.

क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी, पंपाला 6 मिली. महाग हाय, पण टिकलं सगळ्यात जास्त, बाकीच्या सऱ्यांत परत पानाला खिडक्या (अळीनं हिरवं खरवडून राहिलेले पांढरे आरपार डाग) दिसायला लागल्या तरी हितं पोंगा साफ. माझा नंबर एक हाच.

स्पिनेटोरमचा झटका जोरात, पोंगा उलगडला की आत मेलेली अळी. खिशालाही झटका तेवढाच, कोंबड्यांच्या मक्याला कोण मारतंय हे! स्वीट कॉर्नला कणसाचा भाव मिळतो म्हणून निभतं.

आता ती "बायो" बाटली. नाव नाही घेत. आत काय हाय ते लेबलवर नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, पक्कं बिल मागितलं तर दुकानदाराचं तोंड वाकडं. त्या सऱ्या आणि बिनफवारणीच्या सऱ्या, बघायला सेम. वर म्हणतोय टॉनिक पण घ्या सोबत!

आणि भारी औषध आणून वरवर शिंपडलं तर काय उपयोग नाही, अळी पोंग्यात भुश्यासारखी घाण करून तिच्याखाली बसलेली असते, नोझल पोंग्यावर धरून आत उतरेपर्यंत मारावं लागतं, गडी कंटाळा करतेत, आपण सोबत उभं राहायचं. एकच औषध परत परत नको, गट बदलून मारा, म्हंजे अळीवर वेगळ्या तऱ्हेनं काम करणारं औषध घ्या.

कणसाला केस आले की मग फवारून फार काय हाती लागत नाही, अळी शेंड्यातनं आत गेली की तिथं औषध पोचतच नाही, आणि तीनेक आठवड्यात कणीस दुधात असतानाच तोडायचं असतं, लोक उकडून डायरेक्ट खाणार, त्यामुळं फवारणी ते तोडणी किती दिवस सोडायचे ते लेबलवर बघूनच ठरवा. किडका शेंडा मोडून गाडीवाले घेतेत म्हणा, पण भाव पाडून. जे करायचं ते पोंगा अवस्थेत, पाच-सहा पानांवर असतानाच.

तोडणीनंतर हिरवी वैरण म्हशीला टाकणार असाल तर दुकानदाराला नका विचारू, त्याला बी लेबलच बघा.